बंदुकीवर न चढलेली दुर्बीण

गुलाबरावांनी मला फसवलं. माझी चांगली दुर्बीण त्यांनी आंधळी ठरवून घेतली आणि बदल्यात मला माझाच पंपाचा जळालेला स्टार्टर दिला. वर चार कवठं. हे मी दर्यापूरच्या भर बाजारात सांगितलं आहे, इथेही सांगतो.

मी अकोल्याच्या जुन्या शहरात हातगाडीवर भंगार गोळा करत मोठा झालो. आता दर्यापूरला जुन्या मोटारी आणि पंपांचं माझं दुकान आहे. घासाघिशीत मला वऱ्हाडात कोणी हरवलेलं नाही. म्हणजे, नव्हतं.

गुलाबराव माझे शेजारी. वय सत्तरीच्या पुढे, अंगानं तुरीच्या काडीसारखे. त्यांच्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. लोक लग्नात गेले की नवरीकडे बघतात, गुलाबराव नवरदेवाच्या बुटांकडे बघतात. बूट नवे दिसले की थेट जाऊन विचारतात, "खोक्यातली पुडी फेकली तं नाई ना, बापू?" बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची जी पुडी येते, ती त्यांना हवी असते. एकदा वरमाला हातात घेऊन उभा असलेला नवरदेव खिसे चाचपताना मी स्वतः पाहिला आहे.

या पुड्या बंदुकीच्या पेटीत जातात. पावसाळ्यात त्या ओलावल्या की गुलाबराव त्यातले दाणे पोळीच्या तव्यावर गरम करून पुन्हा कोरडे करतात. गोदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, त्या तव्याला आता 'बंदुकीचा तवा' म्हणतात आणि पोळ्या दुसऱ्या तव्यावर करतात. देवघरातला कापूर मात्र त्यांना अजून वाचवता आलेला नाही. नळीच्या टोकावर नेम धरायचा जो बारीक दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. ती चकाकली की उन्हात डोळा चुकतो, म्हणून गुलाबराव कापूर जाळून त्याची काजळी माशीवर धरतात. गोदाकाकू म्हणतात, "देवाले उदबत्तीवर भागवा लागते. आरती बंदुकीची होते."

आणि एवढं करून या माणसानं आजवर एकही जनावर मारलेलं नाही. रानडुकरं आली की हवेत बार काढतात. "आवाजानं पयते नं बापा. मंग जीव कायले घ्याचा?" मग माशीला काजळी कशाला, असं मी एकदा विचारलं. ते मला असं न्याहाळू लागले, जणू मी विचारलं होतं की कपाळाला गंध कशाला.

बंदुकीवर नेमासाठी काय लावावं, हे विचारायला त्यांच्याकडे लोक लांबून येतात. सल्ला फुकट, पण अपमानासकट. अचलपूरचा एक जण खेळाच्या छऱ्याच्या बंदुकीसाठी भली मोठी दुर्बीण घेऊन आला होता. दूरचा माणूस दारात उभा दिसेल अशी. गुलाबरावांनी ती हातात तोलली आणि म्हणाले, "हे बंदुकीवर लावाची हाय का बंदूक हिच्यावर?" मग समजावून सांगितलं. जितकं मोठं दिसतं तितकं हलतंही जास्त, आणि उजेड कमी मिळतो. जवळच्या निशाण्याला कमी वाढवणारी, तोंड रुंद असलेली दुर्बीण घ्यावी. भिंग कधी गमछ्यानं पुसू नये. आपल्या काळ्या मातीची धूळ काचेला ओरखडे काढते. आधी फुंकणीच्या रबरी फुग्यानं धूळ उडवावी, मग मऊ ब्रश, मग कापड. तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडते.

"अन् तुमच्या बारा बोअरवर कोणती लावाची?" त्या माणसानं विचारलं.

"कोणतीच नाई. बारा बोअरच्या एका बारात मूठभर छरे फैलते, थिले दुर्बीण कायले? माशी पुरे."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. हे लक्षात ठेवायला हवं होतं.

पुढे अमरावतीचं खेळाच्या सामानाचं एक बंद पडलेलं दुकान मी उचललं. त्या मालात एक दुर्बीण निघाली. छोटी, काळी, सुबक. मी ती गुलाबरावांना दाखवली. त्यांनी फुग्यानं धूळ उडवली आणि डोळा लावला. मग चेहरा पाडून म्हणाले, "बुरशी लागली, शेट."

"कुठे?"

"आत. डोया लाव. अजून जवय. अजून. जायं दिसते का?"

मी डोळा काचेला टेकवला. खरंच काळे, वाकडे धागे दिसले. कोळ्याचं जाळंच.

"भिंगात बुरशी म्हंजे कापसात बोंडअळी," ते म्हणाले. "पण आन. पोट्टे खेयतीन."

तासभर भांडून मी त्यांच्याकडून एक स्टार्टर आणि ती कवठं उपटली. घरी आल्यावर स्टार्टर उघडला तर आत माझ्याच दुकानाची खूण. मीच कधीतरी त्यांना विकलेला. विकला तेव्हा चालू होता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

त्यानंतर गुलाबराव रोज सकाळी गच्चीवर जाऊ लागले. विचारलं की म्हणायचे, "दुर्बीण जुयवून राह्यलो." मी बंदुकीवर ती बसवायच्या कड्या विकायचा प्रयत्न केला. "आधी भिंग तं जुयू दे." उन्हाळा गेला, पावसाळा गेला, भिंग काही जुळेना. मला कुतूहल होतं, पण बुरशीच्या मालाची चौकशी कोण करत बसतं?

मग कामानिमित्त अमरावतीला गेलो. एका दुकानात छऱ्याच्या बंदुकीवरची नवीकोरी दुर्बीण होती. सवयीनं डोळा टेकवला, तर तेच जाळं! "अरे, नव्या मालात बुरशी?" मी ओरडलो.

दुकानदार पोट धरून हसला. "शेटजी, ते तुमच्या पापण्यांचे केस आहेत. चार बोटं मागे व्हा."

मी मागे झालो. जाळं गेलं. समोरच्या रस्त्यावरच्या पाटीचं अक्षर न् अक्षर दिसलं.

परतीच्या बसमध्ये मी इतका तापलो होतो की कंडक्टरनं मला खिडकीपाशी बसवलं. दुसऱ्या सकाळी चहासुद्धा न घेता गुलाबरावांकडे गेलो. निवडणूक लागली होती आणि निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. गुलाबरावांची बंदूकही गेली होती, पुड्यांसकट, आणि हवालदाराला "माशीले हात लावसान नको, काजयी निंघते" असं बजावून. म्हटलं, आज तरी हा माणूस रिकामा बसला असेल.

"कुठे आहेत?"

"गच्चीवर," गोदाकाकू म्हणाल्या. "दुर्बीण जुयवून राह्यले."

"बंदूक तर ठाण्यात आहे!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," म्हणाल्या आणि पोळी उलटली.

मी जिना चढलो. गुलाबराव कठड्याला टेकून बसले होते. कठड्यावर सरकीचं छोटं पोतं, त्यावर माझी दुर्बीण आणि दुर्बिणीमागे गुलाबराव, डोळा बरोबर चार बोटं मागे.

"पापण्या!" मी गरजलो. "माझ्या पापण्या मलाच बुरशी म्हणून विकल्या!"

"हयू बोल," ते वळून न बघता म्हणाले. "थो आज उशिरा निंगाला."

"कोण तो?"

मी त्यांना बाजूला सारलं आणि डोळा लावला. चार बोटं मागे. नाल्यापलीकडचं वावर स्वच्छ दिसलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काठी टेकत एक म्हातारा येत होता. नामदेवराव. गुलाबरावांचा धाकटा भाऊ.

वाटणीनंतर या दोघांचं धुऱ्यावरून भांडण झालं होतं. एका नांगराच्या तासाइतकी जागा, तिच्यापायी बोलणं बंद. बायको गेल्यापासून नामदेवराव वावरातल्या घरात एकटेच राहतात, हे गावाला माहीत होतं. मागच्या वर्षी ते पडले, पाय मोडला, हेही माहीत होतं. त्या वेळी गुलाबराव म्हणाले होते, "पडला तं पडला, मले काय त्याचं?"

"पयले उघड्या डोयानं दिसे," गुलाबराव माझ्या मागून हळूच म्हणाले. "कोण हाय ते चालीवरून समजे. आता मोतिबिंदू. नुस्तं धुकं दिसते. निंगाला का नाई, थेच समजेना."

"मग मला सरळ मागायची ना दुर्बीण!"

"कायले मांगू? तू इचारलं असतं, कायले पाह्यजे. मंग म्या काय सांगतलं असतं?"

मी सरकीचं पोतं सरळ केलं.

मी पुन्हा डोळा लावला. नामदेवराव धुऱ्याच्या टोकापर्यंत आले आणि आमच्या गच्चीकडे तोंड करून थांबले. मग गळ्यातला गमछा काढून हवेत दोनदा फिरवला.

"गमछा फिरवतायत," मी म्हणालो.

"पाखरं हाकलते थो," गुलाबराव घाईनं म्हणाले. "रोजच हाकलते."

मी पाहिलं. वावर उघडं होतं. सोयाबीन कधीच निघालं होतं, रब्बीची पेरणी व्हायची होती. जमिनीवर दाणा नव्हता आणि आभाळात एक चिमणी नव्हती.

दुर्बीण मी त्या दिवशी आणली नाही. ती परत मागायचा माझा हक्क मी सोडलेला नाही. पण फसवणुकीचा जाब मला आता गुलाबरावांकडून नको, नामदेवरावांकडून हवा. नामदेवराव, नाला कोरडा आहे. काठीच्या आधारानं धुऱ्यापर्यंत येता, तसं आणखी थोडं चाललात की गुलाबरावांचं दार आहे. तुम्ही आलात तर माझी दुर्बीण मोकळी होते. येत नसाल, तर माझ्यासमोर उभं राहून एवढं सांगा, नामदेवराव: रिकाम्या वावरात रोज सकाळी तुम्ही कोणती पाखरं हाकलता?