भागवतआबांची तक्रार-स्पर्धा

चित्रकला स्पर्धेच्या दारात पोरांच्या पेट्या तपासून निळे खडू काढून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे भागवतआबा. दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि निळा खडू दिसला की सदऱ्याच्या खिशात टाकायचे. कारण काय, तर पाटोद्याजवळच्या आमच्या गावात टँकरशिवाय कुठं पाणी दिसत नव्हतं आणि 'माझे गाव' म्हटलं की पोरं दोन डोंगर, मधून झुळझुळ नदी, नदीत होडी आणि काठावर नारळ काढून मोकळी व्हायची. आबा विचारायचे, "कुठं पाह्यली रे ही नदी? मला बी दाव, म्हशी नेतो." पुढच्या वर्षी पोरांनी हिरव्या रंगाची नदी काढली.

आबा म्हणजे गावच्या सहकारी दूध सोसायटीचे सेक्रेटरी. काम काय, तर दुधाचं फॅट काढायचं. दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं. सोसायटीत उरले चेअरमन, आबा आणि फॅट काढायचं यंत्र. रिकाम्या माणसाला काहीतरी उद्योग हवा म्हणून यांनी मुलांच्या स्पर्धा काढल्या, असं आम्ही शाळेतले मास्तर आपसांत म्हणायचो. आमचं खरं दुखणं वेगळंच होतं. कागद तपासायला आम्ही आणि भाषण ठोकायला आबा.

"लेकरांना बोलू द्या" हे त्यांचं पालुपद. ते समजावून सांगायला आबा इतका वेळ घ्यायचे की पुढच्या रांगेतली लेकरं एकमेकांच्या खांद्यावर पेंगायची. निबंधाला ते गुण देत नसत, फॅट देत. 'पावसाळ्यातील एक दिवस' असा घोकून लिहिलेला कागद हातात आला की माझ्याकडं सरकवायचे. "गुरुजी, ह्यात पाणी हाय." आणि ते पाणी कुठल्या गाईडातलं आहे, तेही बिनचूक सांगायचे. गाईड वर्गात मीच वाचून दाखवलेलं असल्यामुळं मी गप्प बसायचो.

त्या वर्षी त्यांनी विषय ठेवला, 'माझी एक तक्रार'. मी नको म्हणालो. ऐकतील तर ते आबा कसले? व्हायचं तेच झालं. एकीनं लिहिलं, आमचे गुरुजी आम्हाला पाढे म्हणायला लावतात आणि स्वतः फोनवर बोलत बसतात. एकानं लिहिलं, टँकर आधी चेअरमनच्या मळ्यात जातो आणि आमच्या गल्लीत नुसता पाइप झटकायला येतो. चेअरमनच्या नातवानं लिहिलं, माझी कुणाबद्दलच काही तक्रार नाही. त्याच्या कागदावर आबांनी शेरा मारला, 'खरं लिहिलंय, पण फॅट लागत नाही.'

पहिला नंबर आला सातवीतल्या आशाचा. आबांचा नियम असा की पहिल्या आलेल्यानं आपला निबंध स्टेजवर स्वतः वाचायचा, त्याच्या बदली दुसऱ्या कुणी वाचायचा नाही. आता चेअरमनना बक्षीस समारंभासाठी सवड मिळाली ती दिवाळी उलटल्यावर. तोवर आशा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. गावात निम्म्या घरांना कुलपं होती. तरी आबांनी माईकवर तिचं नाव पुकारलं, बाजूला सरकले आणि हात बांधून गप्प उभे राहिले. लोक चुळबुळ करू लागले. मला वाटलं, हे भाषण विसरले, आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. शेवटी चेअरमन म्हणाले की जो हजर असेल त्याला बक्षीस द्या, आमचा नातू वाचेल काहीतरी.

"न्हाई," आबा म्हणाले. "हा येळ तिचा हाय. तिचं वाचून होईस्तवर थांबा."

चेअरमन थांबले नाहीत. त्यांच्यामागं निम्मा मांडव उठला. दुसऱ्याच दिवशी निरोप आला की सोसायटीचा हॉल यापुढं स्पर्धांना मिळणार नाही. मला वाटलं, आता तरी आबा थंड पडतील. रविवारी उजाडताच ते माझ्या दारात उभे. एका हातात बक्षिसाची कंपासपेटी, दुसऱ्या हातात आशाचा निबंध. म्हणाले, चला साखर कारखान्यावर, आशाकडं. मी कशाला, तर परीक्षक म्हणून. बक्षीस देताना परीक्षक हजर पाहिजे, असा नियम त्यांनी बहुधा येता येता केला असावा.

एक एसटी, दुसरी एसटी, मग उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आम्ही ऊसतोड्यांच्या तळावर पोचलो. वाटभर मी आबांना मनात शिव्या देत होतो. कपाळापर्यंत धूळ बसली होती. उसाच्या पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची रांग, त्यातल्या एकीपुढं आशा भावाला कडेवर घेऊन उभी. तिची आई उसाच्या फडातून नुकतीच आली होती आणि भाकरी खात होती. आबांच्या हातातला कागद आशानं लगेच ओळखला.

"आता कशापायी, आबा?" ती म्हणाली. "बक्षीस दिलं आसंल की दुसऱ्याला."

आबांनी मान हलवली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं भावाला खाली ठेवलं आणि शाळेत उभं राहतात तशी ताठ उभी राहून वाचू लागली.

"माझी तक्रार झोपेबद्दल आहे. तोडीवर आई दिवसभर ऊस तोडते. रात्री मी तिला काही सांगायला लागले की ती हां म्हणते. पुन्हा हां म्हणते. मग म्हणतच नाही. उरलेलं मी तिच्या झोपलेल्या तोंडाकडं बघून सांगते."

वाचून झालं. तिच्या आईनं हातातली भाकरी टोपल्यात ठेवली.

"सांग की मग," ती म्हणाली. "जागी हाय मी."

आशानं पलीकडच्या कोपीतल्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं सांगायला सुरुवात केली. आबांनी माझा दंड धरून मला लांब नेलं. कंपासपेटी द्यायची राहिलीच होती, ती मी नंतर हळूच कोपीच्या तोंडाशी ठेवून आलो.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, आबा, तोडीच्या मुकादमाच्या हाती बक्षीस पाठवलं असतं तरी चाललं असतं.

"आमची आय बी तोडीला जायची," ते म्हणाले. "मला चुलत्यापाशी ठिवायची. ती आल्यावर सांगायचं म्हणून मी एकेक ध्यानात ठिवायचो. कारखान्याचा हंगाम सरून ती येईस्तवर निम्मं इसरायचो. मग एका साली समद्या बैलगाड्या आल्या. आमची बी आली. आय तेवढी न्हाई आली."

त्या साली तुम्हाला तिला काय सांगायचं होतं, असं मी विचारलं.

"लई हाय," आबा म्हणाले. "त्या सालचं कायबी इसरलो न्हाई."