शिक्क्यावर न मावलेले जकात अधिकारी

ज्या मालावर शिशाचा शिक्का नाही, तो माल अस्तित्वातच नसतो. दिसला, तर तो डोळ्यांचा दोष. त्रापेझुस बंदराचे जकात अधिकारी या तत्त्वावर वीस वर्षं चालले, आणि तरीही बंदर चालू राहिलं.

त्या वसंतात साहेबांना राजधानीहून 'सम्राटांचे खड्गधारी' ही पदवी आली. (खड्ग आलं नाही.) म्हणजे शिशावर मजकूर उठवणारा शिक्क्याचा लोखंडी चिमटा नव्याने कोरणं आलं. कोरणाऱ्या वार्दानने मजकूर पाहून डोकं खाजवलं.

"देवमातेची प्रार्थना, तीन पदव्या, वर नाव. एवढ्याशा शिशात मावायचं नाही, साहेब. काहीतरी गाळा."

"प्रार्थना गाळली तर पाप, पदव्या गाळल्या तर राजद्रोह. उरेल ते गाळ."

चिमटा आला त्या सकाळी विधवा अँथुसा दारातच होती. लेकीच्या लग्नासाठी विणलेलं रेशीम राजधानीला धाडायचं होतं आणि जहाज दुपारी सुटणार होतं. साहेबांनी गठ्ठ्याच्या दोरीत ओवलेली शिशाची चकती चिमट्यात धरून हातोडा मारला.

दुर्दैवाने अँथुसाला वाचता येत होतं.

"'हे देवमाते, तुझ्या सेवकाला तार. जकात अधिकाऱ्याला, गोदामपालाला, खड्गधाऱ्याला.' कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे?"

"नाव कुठंय? माउली शोधणार कुणाला? तुमच्याआधीचे दोघं तर तिच्याकडेच गेलेत."

साहेबांनी चकती उलटसुलट पाहिली. कानापर्यंत लाल झाले, मग हसू आवरेना. "वीस वर्षं लोकांच्या गठ्ठ्यांत काय लपलंय ते शोधतोय, बाई. आणि स्वतःच्या शिक्क्यात मीच सापडत नाही."

"तुमचं राहू द्या. माझं रेशीम अडकेल का?"

निनावी शिक्क्याचा माल जप्त, असा नियम होता. (तो साहेबांनीच सुचवला होता.) त्यांनी एकवार जहाजाकडे, एकवार बाईच्या धाग्यांनी कापलेल्या बोटांकडे पाहिलं आणि गठ्ठा चढवायला सांगितलं. पुढचे दोन महिने त्यांना मासळी गोड लागली नाही.

मग निरोप आला: लग्न झालं. राजधानीतल्या अधिकाऱ्याने शिसं बोटाने चाचपलं आणि गठ्ठा सोडला. वाचलं नाही.

वर्षाखेरीस शाबासकीही आली. आदल्या वर्षी साहेबांविरुद्ध एकोणचाळीस तक्रारी होत्या, यंदा एकही नाही. (तक्रारीत अधिकाऱ्याचं नाव लिहावं लागतं, शिक्क्यावरून.)

साहेबांनी उरलेली नोकरी त्याच चिमट्यावर काढली. त्यात राजधानीला काही खटकलं नाही. तुम्हालाही कुठे खटकलं? इथवर वाचलंत, पण त्यांचं नाव काय, हे काही विचारलं नाहीत.