मास्तर ट्रॅक सोडेनात

रविवारी सकाळी मास्तर आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचे आरसे पुसत होते, तेवढ्यात मास्तरीणबाई वाजणारा फोन हातात धरून अंगणात आल्या.

"सर, मी बोलतोय," पलीकडून आवाज आला. "सायकल शर्यतींचा मुख्य पंच. ओळखलंत का?"

"रिव्हर्स घेताना दोनदा झाडावर गेलेला तूच ना?"

"झाडावर एकदाच, सर. दुसऱ्यांदा खांब होता."

पंचांनी घाईघाईनं अडचण सांगितली. आज बायकांची शर्यत होती. त्या शर्यतीत सुरुवातीला सायकलींच्या पुढे एक छोटी विजेवर चालणारी गाडी धावते आणि सगळ्यांचा वेग बांधून देते. ती चालवणारा माणूस सकाळी शिंकला आणि त्याच्या कंबरेत अशी उसण भरली, की तो अजून त्याच पोझमध्ये उभा होता. गाडी नाही तर शर्यत नाही. आणि आजच्या शर्यतीतून पहिल्या दोघींची पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड व्हायची होती.

"वेगाचा काटा न हलवता गाडी चालवणारा माणूस हवाय, सर. अख्ख्या गावात तुम्हीच."

"माझी सून आहे त्या शर्यतीत," मास्तर म्हणाले.

"असू द्या हो. सहाजणी आहेत, कुणाची ना कुणाची सून असायचीच."

मास्तरांना सायकलवाल्यांचा मनस्वी तिटकारा. चाळीस वर्षं शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्यांनी सायकलवाल्यांना डाव्या बाजूनं घुसताना, उजव्या बाजूनं निघताना आणि मधूनच गायब होताना पाहिलं होतं. सून तीन वर्षं ट्रॅकवर जात होती. आठवडाभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासायची आणि रविवारी पहाटे सायकल खांद्यावर टाकून "बाबा, येते हं" म्हणून निघायची. मास्तर "हं" म्हणायचे. ती काय करते ते बघायला ते एकदाही गेले नव्हते. पण जुन्या विद्यार्थ्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

ट्रॅक मोठ्या वाटीसारखा होता, वळणावर भिंतीसारखा चढलेला. पंचांनी समजावून सांगितलं, "एकूण सहा फेऱ्या. पहिल्या तीन तुमच्या मागे. तिशीनं सुरू करा, हळूहळू पंचेचाळीसवर न्या. तिसरी फेरी संपताना मी हिरवा झेंडा दाखवीन. तुम्ही डावीकडे उतरून ट्रॅकबाहेर निघायचं. तोवर तुमच्या मागच्या चाकाच्या पुढे जी जाईल ती बाद. तुम्ही गेलात की उरलेल्या तीन फेऱ्या ज्याच्या त्याच्या जिवावर."

मास्तरांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "याला इंडिकेटर नाही."

"गरज नसते, सर."

"गरज नसते?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि मुख्य पंच पुन्हा एकोणीस वर्षांचे झाले.

"हात दाखवा, सर. हात चालेल."

"आरसेही नाहीत."

शेवटी वाहनतळावरच्या कुणाच्या तरी स्कूटरचे दोन आरसे काढून गाडीला बसवले, तेव्हा कुठे मास्तर तिच्यावर बसले.

शर्यत सुटली. मास्तरांचा काटा तिशीवर जो चिकटला तो खिळा मारल्यासारखा, आणि मग सांगितल्याप्रमाणे एकेक करत वर चढू लागला. मागे सहाजणी एका ओळीत लागल्या. या सायकलींना ब्रेक नसतात हे मास्तरांना सकाळीच कळलं होतं. सवयीप्रमाणे ते आरशात बघत चुका मोजू लागले. पहिल्या नंबरावर होती ती गेली दोन वर्षं जिंकत आलेली. दम सोडताना दातांतून आवाज काढते म्हणून तिला सगळे शिट्टी म्हणत. ती सारखी मान वळवून मागे बघत होती. एक चूक. तिसरी दुसरीच्या बाजूला सरकून तिला आतल्या आत कोंडत होती. दोन चुका. चौथीनं कोपर बाहेर काढलं होतं. लायसन्स रद्द.

पाचवी त्यांची सून. ती काहीच करत नव्हती. उलट तिच्या आणि पुढच्या सायकलीच्या मध्ये चांगली हातभर जागा सुटली होती.

'दमली वाटतं पोर,' मास्तर मनात म्हणाले, आणि त्यांना उगीचच वाईट वाटलं.

सहावीलाही तसंच वाटलं असावं. ती मोकळी जागा पटकावायला बाहेरच्या बाजूनं झपाट्यानं वर आली. ती बरोबरीला येते न येते तोच सुनेनं पायाला किंचित जोर दिला आणि जागा मिटवून टाकली, शेजारणीच्या तोंडावर दार लावावं तशी. सहावी बिचारी ना पुढे ना मागे, उघड्यावर वारा खात अर्धी फेरी झुलली आणि धापा टाकत पुन्हा शेपटाला गेली. सुनेनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"अरे वा!" मास्तर हेल्मेटमध्ये ओरडले.

थोड्या वेळानं सुनेनं पुन्हा तशीच जागा सोडली. आता सहावी फसेना. ती जागची हलली नाही. सुनेला तेच हवं होतं. ती आरामात, कुणी मागून येण्याची धास्ती न बाळगता श्वास घेत राहिली. मास्तरांना कळून चुकलं, की आजवर आपण जिला घरात पाण्याची बाटली भरताना पाहत होतो ती बाई चालत्या सायकलीवर बसून बाकीच्या पाचजणींची डोकी वाचत होती. त्यांची नजर आरशातून हलेना. आणि या नादात हिरवा झेंडा आला, हलला आणि मागे गेला.

चौथ्या फेरीत पंच झेंडा घेऊन उड्या मारताना दिसले, तेव्हा मास्तर भानावर आले. त्यांनी लगेच डावा हात बाहेर काढला आणि आरशात पाहिलं. आरशात शिट्टीचं पुढचं चाक होतं.

आरसा रिकामा झाल्याशिवाय लेन बदलायची नाही, हे मास्तरांनी दोन हजार विद्यार्थ्यांच्या डोक्यात हाणून बसवलं होतं. ते हात तसाच धरून थांबले. रस्त्यावर हात दिसला की मागचा सभ्य माणूस वेग कमी करतो. इथे उलटंच झालं. हात दिसताच सहाही जणींना वाटलं, आता निघणार, आणि त्या आणखी चिकटल्या. मास्तर जितका हात दाखवत, तितक्या त्या जवळ येत. त्या जितक्या जवळ येत, तितके मास्तर ट्रॅक सोडेनात.

"काका, निघा!" शिट्टी ओरडली.

हेल्मेटमधून मास्तरांना ऐकू आलं, "काका, रेटा!" त्यांनी वेग दोननं वाढवला.

पाचवी फेरी झाली. सहावी झाली. बाहेर चहा प्यायला गेलेले प्रेक्षक कप घेऊन पळत आत आले. सहायक पंच म्हणाले, "साहेब, थांबवा ना शर्यत!"

"कोणत्या कलमाखाली?" मुख्य पंच नियमांचं पुस्तक भराभरा उलटत होते. "गाडी ट्रॅक सोडेपर्यंत कुणी पुढे जाऊ नये, असं लिहिलंय. गेलंय का कुणी?"

"नाही."

"गाडी गेल्यावर तीन फेऱ्या, असं लिहिलंय. गाडी गेलीय का?"

"नाही ना!"

"मग नियम मोडलाय कुणी? गाडी गेलीच नाही तर काय, हे लिहायचं कुणाला सुचलंच नाही." ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागले. सातवी फेरी झाली.

प्रेक्षकांत मास्तरीणबाई शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "घरीसुद्धा असंच. एकदा बसले की उठवणं कठीण."

ट्रॅकवर मात्र सगळ्यांची हवा निघत चालली होती. या पोरी तीन फेऱ्या वाऱ्यासारख्या धावायला तयार झालेल्या, वरातीत चालायला नव्हे. दहाव्या फेरीत सून हलली. ती वळणावर उंच चढली, वरूनच सगळ्यांच्या पुढे आली आणि अलगद उतरून गाडीच्या मागे लागली. पाच जणींचं ओझं पाठीवर घेऊन कंटाळलेल्या शिट्टीनं तिला खुशाल जागा दिली.

आणि सुनेनं पाय ढिले सोडले.

एका सायकलीचं अंतर पडलं. दोन झालं. पाच झालं. मागच्या पाचजणी बुचकळ्यात पडल्या. ही थांबते म्हणजे नक्कीच काहीतरी डाव आहे. बरं, हिला ओलांडून पुढे जावं, तर जी जाईल ती वारा कापणार आणि बाकीच्या तिच्या आडोशानं फुकट येणार. एवढं पुण्य करायला कुणीच तयार नव्हतं. सगळ्याच हळू झाल्या. शिट्टी एका डोळ्यानं सुनेकडे, दुसऱ्या डोळ्यानं मागे बघत राहिली.

गाडीकडे बघत होती ती एकटी सून. ती मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकली होती.

मास्तरांच्या आरशात सहाजणी लहान लहान होत गेल्या, गाडी वळणाला लागली आणि आरसा रिकामा झाला. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला, डावा हात बाहेर काढला, मनात तीनपर्यंत मोजलं आणि सावकाश ट्रॅकबाहेर उतरले. त्यांचं 'तीन' व्हायच्या आत सून पॅडलवर उभी राहिली होती. बाकीच्यांना उमज पडेपर्यंत ती आठ सायकली पुढे होती, आणि पुढच्या तीन फेऱ्यांत ते अंतर कुणाच्या बापाला तोडता आलं नाही.

टाळ्या थांबायच्या आधीच शिट्टी पंचांपुढे उभी होती. "साहेब, ती त्यांची सून आहे! घरून ठरवून आलेत दोघं!"

पंचांनी घाम पुसला. "सर, तुमचं आणि सूनबाईंचं आधी काही ठरलं होतं?"

"छे! मी तिला आज पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे सायकलवर."

"मग तुम्ही झेंड्याला का नाही निघालात? झेंडा दिसला नसेल ना? ऊन डोळ्यांवर आलं असेल," पंच आशेनं म्हणाले. शिष्यानं गुरूला याहून मोठा दरवाजा उघडून दिला नसता.

पण मास्तरांना खोटं बोलता येत नसे. "ऊन कुठलं? छप्पर आहे की वर. मी सुनेकडेच बघत राहिलो. फार सुंदर चालवते हो!"

पंचांनी डोळे मिटले. शर्यत अर्ध्या तासानं पुन्हा घ्यायची, गाडी सहायक पंच चालवतील आणि मास्तरांना वर्षभर गाडीला हात लावायची बंदी, असा निकाल झाला. मास्तर अपराध्यासारखे सुनेपुढे गेले. "पोरी, माझ्यामुळे तुझं हातचं गेलं."

"असू द्या हो, बाबा," ती घाम पुसत म्हणाली. "तुम्ही आलात, तेच खूप झालं." आणि ती पाणी प्यायला शिट्टी बसली होती त्या बाकाकडे गेली.

दहा मिनिटांनी शिट्टीच मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. "काका, मघाशी रागात बोलले. सॉरी. तुम्हाला आरशात सगळं दिसत होतं ना? मग मला सांगाल, मी कुठे चुकते?"

चाळीस वर्षांच्या मास्तरकीला असा प्रश्न विचारल्यावर समोरचा आपला की परका हे दिसत नाही. मास्तर खुलले. "तू सारखी मागे वळून बघतेस. निघू की नको, निघू की नको, यातच तुझा जीव जातो. बघूच नकोस. शेवटच्या फेरीची घंटा झाली, की डोळे झाकून निघायचं. बस्स."

शर्यत पुन्हा झाली. सहायक पंच झेंडा दिसताच शहाण्यासारखे बाहेर पडले. शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि शिट्टी धनुष्यातून बाण सुटावा तशी निघाली. सून तिच्या चाकाला चिकटली, शेवटच्या वळणावर बरोबरीला आली आणि रेषेवर पाव चाकानं मागे पडली. "शाब्बास! बरोब्बर घंटेला!" मास्तर उभं राहून टाळ्या वाजवत होते. मास्तरीणबाईंनी त्यांना सदरा ओढून खाली बसवलं, तेव्हा त्यांना कळलं की आपण कुणाला शाब्बास म्हणतोय.

सून सायकल हातात धरून आली. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

"पोरी, तिला ते मीच सांगितलं. तिनं विचारलं आणि मला राहवलं नाही."

"माहीत आहे. तुम्हाला विचार, ते खरं सांगतील, असं मीच तिला म्हटलं होतं."

मास्तरांनी आता मात्र चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं ती मला हरवते ती कशामुळे, बाबा? ती कधी निघेल ते तिचं तिलाच माहीत नसतं, मग मला कसं कळणार? आज ती घंटेला निघाली आणि जिंकली. जिंकून देणारी युक्ती माणूस सोडत नाही. पुढच्या महिन्यात मोठ्या स्पर्धेतही ती घंटेलाच निघणार." तिनं हेल्मेट काढलं. "निवड तर दोघींची झालीच आहे."

मास्तरांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत गेला. पाव चाक. पाव चाक म्हणजे वीतभर. मघाशी हातभर जागा जी हवी तेव्हा उघडत होती आणि हवी तेव्हा मिटवत होती, तिला वीतभर कमी पडावं?

"म्हणजे," त्यांचा आवाज चढला, "तू मुद्दाम—"

"बाबा, हळू! मुद्दाम हरणं नियमात बसत नाही. आणि पंच मागेच उभे आहेत."

मास्तरांनी वळून पाहिलं. मुख्य पंच पुस्तक काखेत मारून त्यांच्याकडेच येत होते. मास्तरांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थोडक्यात गेलं गं पोरी! फार वाईट वाटलं मला, फारच!"

पंचांचा चेहरा कळवळला. त्यांनी सरांची पाठ थोपटली आणि स्वतःच्या खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी तो घेऊन डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही, कारण त्याच्याआड त्यांना हसू आवरत नव्हतं.