दीपगृहातल्या बोकडाचं काय झालं?

नेव्हिल पराताने मासे धुरवायला एका पुस्तकाचा शेवट जाळला, आणि ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

तसा माणूस वाईट नाही. वर्षभर गावातल्या लोकांची तुंबलेली गटारं आणि मोऱ्या मोकळी करत फिरतो आणि जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, तीन आठवडे बायकोमुलीला घेऊन आमच्या तुआतुआ बे या समुद्रकाठच्या कॅम्पवर येऊन पडतो. पडतो म्हणजे खुर्चीत पडतो, उठायचं नाव नाही. त्या दुपारी शेजारच्या बोटवाल्याने दोन ताजे कहावाई मासे आणून दिले. कहावाई म्हटला की धुरवणं, म्हणजे बंद डब्यात धुरावर शिजवणं, आलं. नेव्हिलने पत्र्याचा डबा ओढला, खाली मानुकाच्या लाकडाचा भुसा पसरला आणि पेटवायला कागद हवा म्हणून टेबलावर हात फिरवला. टोमॅटो सॉसच्या बाटलीखाली पिवळट पानांची एक चळत होती. चष्मा तंबूत राहिलेला, आणि तंबू चांगला चार पावलांवर. एवढं कोण चालणार? रद्दीच असेल, असं म्हणून त्याने पानं चुरगळून आत कोंबली. मासा फक्कड झाला. सगळ्यांनी बोटं चाटली.

सकाळी चहाचा कप ठेवायला जागा करताना त्याच्या हाताला मुलीचं, मेरेआनाचं, पुस्तक लागलं. ‘दीपगृहातला बोकड’. मागचं कव्हर लटकत होतं. आता चष्मा नाकावर होता, म्हणून त्याला दिसलं की पुस्तक एकशे शहात्तराव्या पानावर संपतंय. संपतंय कसलं, तुटतंय! शेवटची ओळ होती: ‘हेट्टीने मागे वळून पाहिलं. भरतीचं पाणी खडकावर चढलं होतं, आणि ऍडमिरल’. बस्स. पुढे नुसता वाळका गोंद.

“लिनेट,” त्याने बायकोला हळूच विचारलं, “हे आधीपासूनच असं होतं का गं?”

लिनेटने पुस्तकाकडे पाहिलं, मग धुरवायच्या डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात तिला एवढ्यावर सगळं कळतं.

“काल कशावर पेटवलंस?”

“रद्दी होती...”

“अरे देवा, नेव्ह! सोळा पानं खाल्ली आपण काल. वर लिंबू पिळून!”

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. आमच्या शाळेच्या लोरेनबाई दर उन्हाळ्याच्या सुट्टीला मुलांसाठी पुस्तकांची यादी काढतात. यंदा यादीत बारा पुस्तकं, आणि त्यातल्या एकावर चांदणी: हे सगळ्यांनी वाचायचंच, फेब्रुवारीत वर्गात त्यावर बोलायचं. गावच्या ग्रंथालयात त्याची प्रत एकच. अर्धी शाळा तर दरवर्षी याच कॅम्पवर येते. म्हणून सामायिक स्वयंपाकघराच्या बोर्डावर नंबर लावलेले. प्रत्येकाला तीन दिवस, झालं की ‘वाचलं’ लिहायचं आणि आईबापांनी सही करायची. ऍंगस, कोरा, टिपेने, तिघांच्या नावापुढे सह्या पडल्या होत्या. मग मेरेआना. आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘एल., तंबू ३१’.

मेरेआना दहा वर्षांची. आजवर तिने एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. दरवर्षी यादी येई, पुस्तकं येत, आणि सुट्टी संपली की आत वाळू भरून परत जात. या पुस्तकासाठी मात्र तिने बोर्डावर स्वतः जाऊन जास्तीचे दिवस मागून घेतले होते.

“परवा मी तिला तीन हाका मारल्या, नेव्ह, आणि तिने ओ दिली नाही,” लिनेट म्हणाली. “पुस्तकात डोकं! मला इतकं बरं वाटलं की मी चौथी हाक मारलीच नाही. आणि तू... आता शेवटच नाही म्हटल्यावर ती पुन्हा कधी पुस्तकाला हात लावेल का?”

“कितव्या पानावर आहे ती?”

“साठाव्या. रोज वीसेक पानं वाचते.”

नेव्हिलने बोटं मोजली. सहा दिवस. शेवट शोधायचा आणि पोरीला पत्ता लागू द्यायचा नाही.

“खरं सांगून टाक ना सरळ,” लिनेट म्हणाली.

“सांगतो ना. शेवट मिळाला की सांगतो,” नेव्हिल म्हणाला आणि कण्हत खुर्चीतून उठला.

ग्रंथालयाला फोन लावला, तर पलीकडे ध्वनिमुद्रित आवाज: ग्रंथालय सुट्टीनिमित्त बंद आहे, फेब्रुवारीत भेटू, तोवर मनसोक्त वाचा. शहरातल्या पुस्तकांच्या दुकानातल्या बाईने सांगितलं की हे पुस्तक छापणं बंद होऊन तीस वर्षं झाली. मग नेव्हिलच्या डोक्यात उजेड पडला. अरे, तीन पोरांनी वाचलंय की! त्यांनाच विचारू.

ऍंगस फुगवलेल्या गादीवर उड्या मारत होता. नेव्हिलने त्याला आईस्क्रीम दाखवून खाली उतरवलं.

“काय रे, त्या बोकडाचं शेवटी काय होतं?”

“वाचतो, काका. हेलिकॉप्टर येतं.”

“हेलिकॉप्टर? गोष्ट तर शिडाच्या जहाजांच्या काळातली आहे. कव्हरवर चित्र आहे.”

ऍंगसने आईस्क्रीमचा एक मोठा घास घेतला आणि विचार केला. “मग जहाज येतं,” तो म्हणाला.

कोरा शिंपले धूत बसली होती. ती म्हणाली, “मरतो, काका. मी किती रडले!”

“कशाने मरतो?”

“म्हातारा झाला होता ना.”

“मागच्या कव्हरवर तर करडू म्हटलंय.”

“म्हणजे... म्हातारा होऊन मग मरतो. खूप वर्षांनी.” कोराने मान खाली घातली. “आईला सांगू नका हं. ती म्हणाली, सही करते पण किरकिर थांबव.”

टिपेने त्यातल्या त्यात सरळ पोरगा. “मी उघडलंच नाही,” त्याने सांगून टाकलं. “बाबा म्हणाले, बकऱ्याचं पुस्तक आहे, बकऱ्याबद्दल काय बोलायचं ते बोल. काका, माझ्या वाटणीचं आईस्क्रीम?”

तीन आईस्क्रीमं गेली, तीन शेवट हाती आले, आणि एकाही पोराने पुस्तक वाचलेलं नव्हतं. उलट आता तिघांनी नेव्हिलकडून, कुणाला सांगणार नाही, असं वचन घेतलं होतं आणि नेव्हिलने तिघांकडून. ज्या कॅम्पवर माणूस विसाव्याला येतो तिथे त्याला चार चार गुपितं सांभाळत चालावं लागत होतं. तासाभराने कोराची आई समोरून आली तर हा बिचारा टॉयलेटच्या मागे जाऊन उभा राहिला.

उरला एल., तंबू एकतीस. नंबर मेरेआनाच्या मागे असला तरी कुणी सांगावं, आधी वाचलंही असेल. एकतीस नंबर पार खाडीच्या टोकाला, जिथे डासांमुळे कुणी राहत नाही. तिथे एक बाई भलीमोठी टोपी तोंडावर ओढून आडवी झाली होती. पावलं वाजली तशी टोपी खाली सरकली आणि नेव्हिल जागच्या जागी उभा राहिला.

“लोरेनबाई! तुम्ही इथे?”

“हळू बोला!” बाई दबक्या आवाजात ओरडल्या. “वर्षभर अठ्ठावीस पोरं सांभाळते मी. तीन आठवडे तरी डासांनी चावलेलं परवडलं. कोण, मेरेआनाचे बाबा ना? पुस्तक झालं का तिचं? माझा नंबर लागला?”

“एल. म्हणजे तुम्ही?” नेव्हिलला एकदम हायसं वाटलं. “बाई, तुम्हीच सांगा. त्या बोकडाचं शेवटी काय होतं?”

बाईंनी घसा साफ केला. “तुम्हाला काय वाटतं, काय होत असेल?”

“मला काय वाटायचं! मी गटारं साफ करतो.”

“नाही, पण तुमचं मत महत्त्वाचं आहे. शेवट योग्य वाटला का? आपण असतो तर...”

नेव्हिल थकला असला तरी खुळा नव्हता. पोरांकडून तीन शेवट ऐकून त्याचा कान तयार झाला होता. तो तिथेच वाळूत बैठक मारून बसला. बाईंनी थोडा वेळ तग धरला, मग टोपीने वारा घ्यायला लागल्या.

“सत्र संपायच्या दिवशी दुपारी काढली हो यादी मी,” त्या म्हणाल्या. “रिपोर्ट लिहून लिहून हात गळाला होता. शीर्षक बरं वाटलं, मागचं कव्हर वाचलं, दिली चांदणी. म्हटलं, सुट्टीत वाचून काढू. आता फेब्रुवारीत मला त्यावर अठ्ठावीस पोरांशी बोलायचंय. तुम्ही उगाच का विचारताय? मेरेआनाचं होत आलंय ना?”

नेव्हिलने सगळं सांगितलं. कहावाईसकट.

“मग तुम्हीच लिहा आता शेवट,” बाई म्हणाल्या. “आणि कृपा करून आधी पुस्तक वाचा. आपल्यापैकी एकाने तरी वाचायला पाहिजे.”

अशी नेव्हिलवर वेळ आली. शाळा सुटल्यापासून या माणसाने मोटारीच्या माहितीपत्रकापलीकडे काही वाचलेलं नव्हतं. रोज सकाळी मेरेआना पोहायला गेली की हा तिचं पुस्तक घेऊन गाडीत बसायचा. पहिल्या दिवशी दोनदा झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुस्तकात दीपगृह बंद करायला सरकारी माणूस आला आणि हेट्टीला म्हणाला, तुझ्या ऍडमिरल बोकडाला बोटीत जागा नाही. नेव्हिलने गाडीतच त्याला एक शिवी हासडली. तिसऱ्या दिवशी लिनेट जेवायला हाक मारत होती आणि याने ओ दिली नाही. चौथ्या दिवशी दुपारी तो एकशे शहात्तराव्या पानावर पोचला, पान उलटायला बोट पुढे केलं, आणि तिथे वाळका गोंद.

“कुणी जाळली असतील गं ही पानं!” तो कळवळून म्हणाला.

“बघ ना,” लिनेट म्हणाली. “कसले एकेक लोक असतात.”

पाचवा दिवस त्याने लिनेटच्या सामानाच्या यादीच्या वहीवर शेवट लिहिण्यात घालवला. बोकड बुडवायला त्याचा हात होईना. वाचवायचा म्हटलं तर कसा, ते सुचेना. अखेर त्याने ऍडमिरलला पोहायला लावलं, सरकारी माणसाला पाण्यात पाडलं, आणि बोकडानेच त्याला शिंगाने ओढून काठाला आणलं, असं केलं. चार पानं झाली. लिहून झाल्यावर त्याचे डोळे जरा ओले झाले होते, पण ते तो कबूल करत नाही.

सहाव्या दिवशी जेवणानंतर मेरेआना पुस्तक मिटून त्याच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

“हे बघ, मेरे,” त्याने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली, “जुनं पुस्तक, पानं सुटी होती, वाऱ्याने गेली असावीत. मी ग्रंथालयात फोन केला. त्यांनी सांगितलं तसं मी उतरवून घेतलंय. हा घे शेवट.”

मेरेआनाने चारी पानं उभ्याउभ्या वाचली. सावकाश, एकही ओळ न गाळता. मग घडी घालून त्याच्या हातात परत दिली.

“छान आहे, बाबा. पण असं नाही होत.”

“म्हणजे? तुला काय माहीत?”

“मी शेवट आधी वाचते.”

“कधी?”

“पुस्तक आलं त्याच दिवशी. नेहमीच आधी वाचते. ती पानं सुटीच होती, म्हणून काढून वाचली आणि उडू नयेत म्हणून सॉसच्या बाटलीखाली ठेवली. पोहून आले तर तू डबा पेटवला होतास. राखेत ‘मिरल’ एवढं दिसत होतं.”

नेव्हिलच्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख झालं. पोरगी साठाव्या पानावर आणि शेवटची पानं टेबलावर, हे कसं, असा प्रश्न सहा दिवसांत त्याला एकदाही पडला नव्हता. ख्रिसमसला पावलोवा केक वाढला की जी पोर वरची क्रीम आणि स्ट्रॉबेऱ्या आधी फस्त करते आणि खालचा पांढरा सांगाडा बापाच्या ताटात सरकवते, ती पुस्तक कुठून सुरू करणार?

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगतोयस का ते बघत होते. सहा दिवस बघितलं.”

लिनेट भांडी गोळा करता करता थांबली. नेव्हिल पायाच्या अंगठ्याने वाळू उकरायला लागला.

“आणि शेवट माहीत असताना बाकीचं वाचलंस कशाला गं?” त्याने विचारलं.

“गोष्टीत जनावर असलं की मला भीती वाटते,” मेरेआना म्हणाली. “त्याचं काहीतरी वाईट होणार असं वाटतं आणि मी पुस्तक ठेवूनच देते. दरवेळी. यंदा म्हटलं, आधी शेवट बघून घेऊ. मग नाही भीती वाटली. सगळं वाचलं.”

लिनेटने भांडी खाली ठेवली आणि पोरीला जवळ घेतलं. खोटं कशाला सांगा, नेव्हिललाही गहिवरून आलं. पण त्याला दुसरंच काहीतरी त्याहून जास्त जाळत होतं.

“म्हणजे वाचतो ना तो? वाईट नाही ना होत?”

“तसं मी म्हटलं का?”

“मेरे, मी चार दिवस गाडीत उकडून निघालोय! सांग ना! पाण्यात पडतो का?”

मेरेआनाने आईकडे पाहिलं. लिनेटने खरकट्या भांड्यांचा टब नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात हाच कार्यक्रम चालतो. एका संध्याकाळी एक पान, याहून एक ओळ जास्त मिळत नाही. नेव्हिल भांडी घासतो. ऍंगस, कोरा आणि टिपेने फडकी घेऊन पुसतात, कारण शेवट विचारून मेरेआनाने त्यांना पकडलं, बोर्डावरचं ‘वाचलं’ खोडायला लावलं आणि आता त्यांनाही ऐकायचंय. कोपऱ्यात भलीमोठी टोपी घातलेली एक बाई पातेली खरवडत असते आणि मधूनमधून हात पुसून वहीत काहीतरी टिपून घेते. मेरेआना ओट्यावर पाय हलवत बसून सांगते.

काल अकरावं पान झालं. पाणी बोकडाच्या गुडघ्यापर्यंत आलंय, आणि नेव्हिलची रजा कालच संपली. त्याने फोन करून आणखी आठवडा मागून घेतला. तुंबलेले लोक थांबतील, म्हणाला.

“आजचं एकच वाक्य सांग,” परवा तो हात जोडून म्हणत होता. “हेट्टी पोचते की नाही, एवढंच.”

मेरेआनाने ओट्यावरून वाकून पाहिलं.

“ती कढई अजून तेलकट आहे, बाबा.”