भोईरांना दोनदा विचारावं लागतं

भोईरांना चहा हवा असला की ते "न्हाय, राहू दे" म्हणतात. चहा नको असला तरी "न्हाय, राहू दे" असंच म्हणतात. आवाज तोच, उजवा हात छातीपर्यंत वर येतो तोही तसाच. फरक ओळखायचा एकच मार्ग आहे, आणि तो सापडायला मला बराच काळ लागला. याद्या करून काम उरकणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण खरं आहे.

भाईंदर पश्चिमेला आमचं डायग्नोस्टिक सेंटर आहे. ड्युट्या लावणं, बिलं, एसीवाला, लिफ्टवाला हे सगळं माझ्याकडे. भोईर तिथला सर्व्हर सांभाळायचे. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत सर्व्हर आणि भोईर दोघं असत आणि दोघांनाही थंडी लागायची नाही. मूळचे इथल्याच मुर्धा गावचे, वडील मिठागरात कामाला. स्वतः कॉम्प्युटर कुणाच्या मदतीशिवाय शिकले. साठीला टेकलेला, शर्टाला कडक इस्त्री असलेला हा माणूस कुणाच्या अध्यातमध्यात नसे.

आमची रिसेप्शनवरची हेतल चहाचा ट्रे घेऊन फिरायची.

"काका, चाय?"

"न्हाय, राहू दे."

"ओके काका," म्हणून ती पुढे. तिचंही बरोबर. नको म्हणणाऱ्याला आजकाल कोण थांबून बघतं? ऑफिसात सगळ्यांचा समज एकच, भोईर चहा पीत नाहीत. वाढदिवसाचा केक खात नाहीत. पिकनिकला येत नाहीत. मीरा रोडला आमची दुसरी शाखा निघाली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "भोईर, दोन्हीकडचं कॉम्प्युटरचं खातं तुम्ही सांभाळता का?" भोईर म्हणाले, "न्हाय, राहू दे." ते पद दुसऱ्याला गेलं. त्यानंतरचे काही दिवस भोईर नवा शर्ट घालून डॉक्टरांच्या केबिनसमोरून उगाच ये-जा करताना दिसायचे. मला वाटलं, एसी बिघडलाय की काय त्यांच्या खोलीतला.

मग जुने स्कॅन उघडायला उशीर लागण्याची भानगड सुरू झाली. मोठ्या डॉक्टरांनी मीटिंग बोलावली.

"भोईर, पेशंट समोर बसलाय आणि त्याचा मागचा एमआरआय उघडत नाही. मी काय त्याच्याशी भेंड्या खेळू? तो मशीन विकणारा म्हणतो, सगळा सर्व्हर बदला."

"ते राहू दे," भोईर म्हणाले. "सर, मीठ कुठं असतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"आगरात असतं," भोईरांनी स्वतःच उत्तर दिलं. "डोंगराएवढा ढीग. पण आमटीत टाकायला कोण आगरात जातं? ओट्यावर बरणी असते. आपल्या जुन्या डिस्का म्हणजे आगर. जागा भरपूर, पण हळू. त्यांच्यापुढं मी दोन एसएसडी, म्हणजे चपळ डिस्का लावतो. ती बरणी. लहान हाय, पण हात घातला की मिळतं."

"मग सगळंच बरणीत घाला."

"सगळंच ओट्यावर मांडलं तर भाकरी कुठं थापायची, सर?"

डॉक्टर हसले. "बरं. बरणीत काय जाणार ते कोण ठरवणार?"

"मागणारा. एकदा मागितलं तर सर्व्हर आगरातून काढून देईल, पण बरणीत ठेवायचा न्हाय. एकदा काय, कुणी पण मागतं. चुकून पण मागतात. दुसऱ्यांदा मागितलं म्हणजे समजायचं, याला खरंच पाहिजे. मग ते वर येऊन बसतं."

"आणि ज्याला कुणी मागतच नाही?"

"पुसत न्हाय आपण. खाली राहतं."

तेवढ्यात हेतल ट्रे घेऊन आली. "काका, चाय?" "न्हाय, राहू दे." ट्रे पुढे गेला. आणि मी बघितलं, भोईरांची नजर ट्रेबरोबर दारापर्यंत गेली.

"भोईर," मी म्हटलं, "घ्या हो चहा."

"द्या मग," ते म्हणाले, आणि तो गरम चहा त्यांनी दोन घोटांत संपवला.

ओट्यावरच्या बरणीने काम केलं. स्कॅन भराभर उघडू लागले. पहिल्यांदा उशीर, दुसऱ्यांदा जरा उशीर, मग चटकन. डॉक्टर मंडळी हुशार. त्यांनी प्रत्येक फाइल लागोपाठ दोनदा उघडायचा सपाटा लावला. भोईर वैतागले. "असं ठोकून होत न्हाय. लागोपाठची ती एकच हाक धरते मशीन. मधे वेळ जाऊ द्या."

इकडे मी सगळ्यांना सूचना दिली होती की भोईरांना कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची. हेतलने लगेच अंमल केला. "काका चाय काका चाय?" भोईरांनी हात वर केला. "न्हाय, राहू दे. ती एकच हाक झाली." हेतल माझ्याकडे आली. "मॅडम, काका का सर्व्हर हँग है." पण दुसऱ्या दिवसापासून ती ट्रे घेऊन त्यांच्यासमोरून पुढे जायची, चार पावलांवर वळायची आणि मग विचारायची. भोईर तोवर हात पुसून तयार असत.

दुपारी आम्ही दोघं पँट्रीत जेवायचो. बाकीची पोरं बाहेरून मागवतात. माझा डबा एका माणसाचा असायचा. हळूहळू मी दोघांचा आणायला लागले. सुक्या कोलंबीच्या सोड्यांचा भात, कोलंबीचं कालवण. "घ्या." "न्हाय, राहू दे." "घ्या की." "द्या मग." मग ते जेवताना सांगायचे, कालवण चांगलं झालंय, पण मीठ भाईंदरचं न्हाय. मी म्हणायचे, भाईंदरचं मीठ आता राहिलंय कुठे. ते म्हणायचे, म्हणून तर कळतं.

अशाच एका दुपारी त्यांनी सांगितलं. बायको गेली तेव्हा मुलगी, वैशाली, नाशिकहून आली होती. तेराव्याचं आटोपून निघताना म्हणाली, "बाबा, इथे एकटे नका राहू. माझ्याकडे चला."

"मग?"

"न्हाय म्हटलं, राहू दे."

मी घास खाली ठेवला. "आणि?"

"आणि काय. परत विचारलंच न्हाय तिनं." ते भातातला सोडा बाजूला काढत होते, जसा लहान मुलं काढतात, शेवटी खायला. "आठवड्याला फोन करते. जेवलात का विचारते. मी वाट बघतो, आता विचारेल. तेवढ्यात ती म्हणते, ठेवते बाबा."

"तुम्हीच सांगा ना तिला, येतो म्हणून."

"आपण होऊन? पोरीच्या घरी? न बोलावता कुणाच्या पंगतीला जाऊन बसलो न्हाय मी ताई, आता या वयात बसू?"

"अहो, बोलावलंय तिनं."

"एकदा," भोईर म्हणाले.

मुर्ध्याला त्यांचं बैठं घर होतं. तिन्ही बाजूंना टॉवर उठलेले. सकाळी दहापर्यंत घरात ऊन येत नाही, असं ते म्हणायचे, आणि वर, तेवढंच बरं, थंड राहतं.

दिवाळीत वैशाली भेटायला आली आणि फराळाचे डबे घेऊन सेंटरवर पोचली. भोईर मीरा रोडच्या शाखेत काहीतरी जोडायला गेले होते. मी तिला माझ्या टेबलापाशी बसवलं. वडिलांसारखीच, इस्त्रीचा ड्रेस, कमी बोलणं. चहा विचारला तर "नको, राहू दे काकू" म्हणाली. मी पुन्हा विचारलं. "बरं, द्या मग," म्हणाली.

मी आडवळणाने बोलणारी बाई नाही. "बाबांना घेऊन जा," मी म्हटलं.

तिने कप खाली ठेवला. "काकू, मी विचारलं होतं. ते नाही म्हणाले."

"पुन्हा विचार."

"मला वाटलं, त्यांना माझ्याकडे यायचं नाहीये. जावयाच्या घरी नको असेल. आईचं घर सोडवत नसेल." ती फराळाच्या डब्याचं झाकण उगाच दाबत होती. "पहिल्यांदा नाही म्हणाले ते मी गाडीत बसल्यावर रडून संपवलं. दुसऱ्यांदा नाही ऐकायची हिंमत नाही झाली."

"दुसऱ्यांदा ते नाही म्हणत नाहीत. तू तुझ्या बापाला जेवताना कधी बघितलं नाहीस का? आई काय करायची?"

"आई विचारायचीच नाही," ती म्हणाली. "सरळ वाढायची."

दुसऱ्या दिवशी भोईर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "ताई, पोरीनं विचारलंन परत."

"मग?"

"जातो मग, म्हटलं."

मी अभिनंदन केलं आणि लगेच कामाला लागले. नवा माणूस शोधायचा, सर्व्हरचे पासवर्ड, चाव्या, निरोपाचा नारळ आणि शाल. सगळं वेळेत झालं. शेवटच्या दिवशी भोईरांनी नव्या माणसाला मिठाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. हेतलने ट्रे पुढे नेऊन, मागे वळून, रीतसर चहा पाजला आणि आत जाऊन नाक पुसलं.

संध्याकाळी चाव्या द्यायला ते पँट्रीत आले. मी डबा धूत होते. दोघांचा, चार पुडांचा. नळ बंद करता करता माझ्या तोंडून निघून गेलं, "मार्चपर्यंत तरी थांबला असतात."

"न्हाय, राहू दे," भोईर म्हणाले.

उजवा हात छातीपर्यंत आला होता. चाव्या त्यांनी ओट्यावर ठेवल्या, पण ते गेले नाहीत. शाल नीट घडी केलेली होती, तिची पुन्हा घडी केली. बाहेर न्यायला आलेल्या वैशालीने रिक्षा थांबवून ठेवली होती. भोईर माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी डब्याची पुडं पुसून एकात एक बसवली. मग त्यांना म्हटलं, जिना उतरताना जपून, शेवटची पायरी उंच आहे.