रुमालाखालचे दोन हात

दत्तोबा दलालाबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मला दुसरं काम आठवायचं. आता दत्तोबा नाही, आणि माझीही पंच्याहत्तरी उलटली.

हा माणूस वांगीसुद्धा रुमालाखाली घ्यायचा. बोथकडच्या आमच्या बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातांवर टाकतो आणि खाली बोटं दाबून भाव ठरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. दत्तोबानं ती रीत बाजाराबाहेर आणली होती. भाजीवाली राजव्वा ओरडायची, "हात सोडा जी दत्तोबा! वांगे घेऊन राह्यले का बैलजोडी?"

"सौदा पटल्याबिगर दत्तोबा हात सोडत नाई, राजव्वा."

पोरीच्या सोयरिकीत त्यानं व्याह्याचा हात असाच रुमालाखाली ओढला. व्याही इतका घाबरला, की देण्याघेण्याचं काही न बोलता लग्नाला हो म्हणाला.

त्याच बैलबाजारात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा खून झाला. स्वागताचे फटाके वाजत होते, त्यातच गोळी सुटली. धूर विरला तेव्हा पुढारी पडलेला होता.

मग ज्यानं त्यानं मारेकऱ्याला पाहिलेलं निघालं. कोणी म्हणे मोटरसायकलवर होता, कोणी म्हणे जीपमध्ये. चहाच्या हॉटेलात तो वाद अजून चालतो.

"मानूस हैदराबादेवरून आनला होता. मी सोता पाह्यला."

"तू तं त्या दिवशी भैंशा गावाले गेला होता ना बे?"

"असलो म्हनून काय झालं? पाह्यनाऱ्यानंच सांगतलं ना मले!"

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं जमलं. गंगन्ना नावाच्या शेतकऱ्याचं पुढाऱ्याशी भांडण होतं, आणि गोळी सुटली तेव्हा त्याचा हात रुमालाखाली होता. म्हणजे पिस्तूल तिथंच असणार. पोलिसांनी गंगन्नाला धरलं.

दत्तोबाचं बयान वेगळं होतं. कोर्टात तो म्हणाला, "रुमाल माहा होता साहेब. गंगन्नाचा हात माह्या हातात होता. बैलाचा सौदा पटला नव्हता, तं हात सुटंल कसा?"

सरकारी वकील हसले. "हे कोणी पाहिलं?"

दत्तोबानं माझ्याकडे बोट केलं. मी गावचा शाळामास्तर. त्या दिवशी गाय बघायला गेलो होतो आणि त्यांच्या अगदी जवळ उभा होतो. रुमालाच्या दोन्ही बाजूंनी आत गेलेले दोन हात मी पाहिले होते. पण साक्षीच्या आदल्या आठवड्यात पुढाऱ्याची माणसं शाळेच्या फाटकापाशी येऊन गेली होती. "मास्तर, लेकराबाळांचे धनी आहा तुमी," एवढंच म्हणाली.

मी कोर्टाला सांगितलं, "हात एकच होता. दत्तोबा लांब उभे होते."

गंगन्ना काही वर्षं आत राहून पुराव्याअभावी सुटला. दत्तोबा मात्र खोटा ठरला. हॉटेलातल्या चर्चेत तर तो थेट कटातच सामील झाला. अशा माणसाच्या रुमालाखाली कोण हात घालणार? दलाली बसली. त्याचा हात हातात घ्यायला बाजारात एकटी राजव्वा उरली.

माझ्याबद्दल तो वाकडा शब्द बोलला नाही. हॉटेलात कोणी डिवचलं, "मास्तर खोटं बोलतील काय?" तर म्हणायचा, "त्यायले दिसलं नसंल. गर्दी होती लय."

शेवटच्या आजारात मी त्याला भेटायला गेलो. त्यानं उशाचा रुमाल काढला, आपल्या हातावर टाकला आणि म्हणाला, "द्या हात, मास्तर."

मी दिला. त्याची बोटं माझ्या बोटांवर नुसती टेकलेली होती. दाबत नव्हती.

"बोला आता," तो हळूच म्हणाला. "इथं कोनाले दिसत नाई."

रुमालाच्या भाषेत फक्त भाव सांगता येतो. तोंडानं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "औषध वेळेवर घेता ना?"

"घेऊन राह्यलो," दत्तोबा म्हणाला.

आणि सौदा पटल्याशिवाय हात न सोडणाऱ्या त्या माणसानं माझा हात सोडला. रुमालाची नीट घडी करून उशाशी ठेवली.

दत्तोबा, हात दोन होते. मी पाहिले होते. चुकलो मी. एवढंच म्हणायचं होतं.