पेशींचा राखणदार

आमच्या दहिवलीत शेजारच्या वामनकाकांच्या दारावरची बेल दोनदा वाजवली तर दार उघडतच नाही. खिडकीतून नुसता हात बाहेर येतो आणि कुजबुज ऐकू येते, "पुरं रं, पेशी मरत्यात."

या पेशी काकूंच्या मेंदूतल्या. पावसाळ्याच्या तोंडाला काकूंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी काकांना समजावलं होतं. मेंदूतली एक पेशी दुसरीला रसायनातून निरोप धाडते. झटक्यात रक्त अडलं की ते रसायन भसाभस सांडतं, शेजारच्या पेशी एकसारख्या चेतत राहतात आणि चेतून चेतूनच मरतात. डॉक्टर सांगून मोकळे झाले, भोगतोय मी. कारण शेजाऱ्यामुळेच शेजारी मरतो, हे काका माझ्याकडे रोखून बघत सांगतात.

आवाज म्हणजे निरोप आणि फार निरोप म्हणजे मरण, असा हिशेब त्यांनी मांडला. माझ्या कुकरच्या शिट्ट्यांवर बंदी आली. आम्ही डाळ कचकचीत खायला शिकलो. आमचा कोंबडा तर त्यांनी परस्पर साजगावला मेहुण्याकडे पोचवला.

हद्द झाली माझ्या पुतण्याच्या हळदीला. आमच्याकडे बेंजो पार्टीच्या दणदणाटाशिवाय हळद म्हणजे मिठाशिवाय कालवण. काका आले, आमच्याच गोधड्या त्यांनी स्पीकरवर घातल्या आणि वर स्वतः बसले. पाहुणे गोधडीतल्या गाण्यावर नाचले. माझं डोकं फिरलं. काकूंच्या पुढच्या तपासणीला मीही त्या दोघांसोबत कर्जतला गेलो. म्हटलं, डॉक्टरांकडूनच यांचे कान उपटून घेऊ.

डॉक्टर म्हणाले, तो रसायनाचा पूर मेंदूच्या आतला, झटक्याच्या वेळचा. बेंजोनं पेशी मरत नाहीत. उलट काकूंशी भरपूर बोला, त्यानंच त्यांची जीभ सुटेल.

मी मनात टाळी वाजवली. पण काकांचा चेहरा उतरला.

"म्हंजे पावसाळाभर मी हिच्याशी एक अक्षर बोललो नाय," ते म्हणाले, "ते उगाच?"

मला फार वाईट वाटलं. काकूंना न्हाऊमाखू घालणारा, घास भरवणारा हा माणूस घरात मुका असतो, हे भिंतीला भिंत असून मला कळलं नव्हतं.

चाकांच्या खुर्चीतल्या काकूंनी मोठ्या कष्टानं तोंड उघडलं.

"मला वाटलं... तुमी... रागावलाव."

काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"नाय गं," ते म्हणाले. "भ्यालेलो."